नियम कुठे संपतो आणि डोकं कुठे चालवायचं: इस्लामी नीतिविचारात नव्या कल्पनेची जागा

धर्माचे नियम जितके बारीक, तितकी नव्या विचाराला जागा कमी, असा सरधोपट हिशेब बरेच जण मांडतात. इस्लामच्या बाबतीत तर तो हमखास मांडला जातो, कारण इथे नियम खरोखरच बारीक आहेत. वुजू, म्हणजे नमाजीआधीची अंगशुद्धी, करताना हात कोपरापर्यंत धुवायचे, वारसाला नेमका कितवा हिस्सा द्यायचा, किती सोन्यावर जकात, म्हणजे गरिबांसाठी द्यायचा सक्तीचा हिस्सा, लागू होते, सगळं ठरलेलं. पण या परंपरेतल्या फकिहांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे नियम उलगडणाऱ्या पंडितांनी, हजार-बाराशे वर्षं जे काम केलं ते जवळून पाहिलं की हा हिशेब टिकत नाही. नियम बारीक असल्यामुळेच तो कुठे संपतो हेही नेमकं सांगणं भाग पडलं. ती हद्द आखण्यात आणि हद्दीपलीकडचं मैदान वापरण्यात त्यांची सगळी कल्पकता दिसते.

हे समजायला अरबी यावी लागत नाही. पुण्यातली भिशी, मार्केट यार्डातला हमाल आणि बांधकाम चालू असलेला फ्लॅट एवढ्या सामग्रीवर ते नीट समजतं.

हा हुकूम आहे की मत?

इ.स. ६२४. बद्रच्या लढाईआधी पैगंबरसाहेबांनी एका ठिकाणी तळ ठोकला. हुबाब इब्न मुन्झिर नावाच्या सहकाऱ्याने विचारलं: ही जागा अल्लाहने ठरवून दिली आहे, की हे आपलं मत आणि युद्धाची आखणी आहे? उत्तर आलं, मत आणि आखणी. मग हुबाब म्हणाले, ही जागा बरोबर नाही. पुढे जाऊन शत्रूच्या सर्वांत जवळच्या विहिरीपाशी थांबू, बाकीच्या बुजवू, म्हणजे पाणी आपल्याकडे राहील. तळ हलवला गेला. पैगंबरांच्या सुरुवातीच्या चरित्रांत हा प्रसंग आहे.

हुबाब यांच्या प्रश्नाचा क्रम बघण्यासारखा आहे. त्यांनी आधी सूचना केली नाही. आधी विचारलं, इथे बोलायला जागा आहे का? हुकूम असता तर ते गप्प बसले असते. मत आहे म्हटल्यावर ते थेट बोलले, समोर साक्षात पैगंबर असूनही. इस्लामी नीतिविचारात कल्पकतेची सुरुवात या प्रश्नापासून होते.

दुसरा प्रसंग खजुराच्या बागेतला, सहीह मुस्लिम या हदीसींच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि कृतींच्या, संग्रहातला. मदिनेचे बागायतदार नर झाडाचा फुलोरा मादी झाडात घालून हाताने परागीकरण करत. पैगंबरसाहेब म्हणाले, याचा काही उपयोग होत असेल असं मला वाटत नाही. लोकांनी ते बंद केलं आणि पीक बिघडलं. तेव्हा ते म्हणाले, तुमच्या दुनियेच्या गोष्टी तुम्हालाच अधिक ठाऊक.

या आणि अशा आधारांवर फकिहांनी दोन खाती वेगळी केली. पहिलं इबादतीचं: नमाज, रोजा, हज. इथे मूळ नियम असा की आधार दाखवल्याशिवाय नवं काही घालायचं नाही. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजीच्या, तीन रकाती (आवर्तनं) असतात; त्यांच्या कोणी मुद्दाम चार केल्या तर भक्ती वाढत नाही, नमाज बिघडते. दुसरं खातं मुआमलातीचं: व्यापार, शेती, वैद्यक, बांधकाम, कारभार. इथे मूळ नियम उलटा. मनाईचा आधार मिळेपर्यंत सगळं मुबाह, म्हणजे मोकळं.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. हिंजवडीत बसून कोणी नवं ॲप बनवत असेल, तर ते जायज, म्हणजे धर्माला मान्य, असल्याचा पुरावा त्याने आणायचा नाही. आक्षेप घेणाऱ्याने मनाईचा पुरावा आणायचा. पुराव्याचं ओझं कोणावर, हे एकदा ठरलं की अर्धे वाद तिथेच मिटतात. आपल्याकडे बहुतेक वाद पेटतात ते दोन्ही खाती एकात मिसळल्यामुळे: कोणी इबादतीचा कडकपणा लाऊडस्पीकरला आणि छापखान्याला लावतो, तर कोणी व्यवहारातली मोकळीक नमाजीत आणू पाहतो.

‘बिदअत’, म्हणजे पैगंबरांनंतर नव्याने घातलेली गोष्ट, या शब्दाभोवतीचा गोंधळही इथलाच. प्रत्येक बिदअत म्हणजे गुमराही (वाट चुकणं), अशी हदीस आहे. दुसरीकडे, रमजानमधली तरावीहची नमाज लोक वेगवेगळ्या गटांत पढत होते, त्यांना दुसरे खलिफा हजरत उमर यांनी एका इमामामागे उभं केलं आणि ‘ही किती चांगली बिदअत’ असं म्हटलं, हेही सहीह बुखारी या हदीससंग्रहात आहे. तेराव्या शतकातले इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृ. १२६२) यांनी बिदअतीचे पाच प्रकार पाडले. अरबी व्याकरणाचा अभ्यास ही आवश्यक बिदअत, कारण त्याशिवाय कुरआन समजणार नाही. मदरसे बांधणं पसंतीचं, मशिदीची सजावट नापसंतीची, चवीचं खाणं मोकळं, आणि धर्मश्रद्धाच वाकवणारी मतं हराम. ग्रानाडाचे शातिबी (मृ. १३८८) यांना ही विभागणी मान्य नव्हती. बिदअत हा शब्द फक्त धर्माचरणातल्या भरीसाठी राखावा आणि ती भर वाईटच समजावी, असं त्यांचं म्हणणं. पुण्यातल्या वेगवेगळ्या मशिदींत आजही या दोन्ही भूमिका ऐकायला मिळतात. विमान, संगणक, लसीकरण यांना वाईट बिदअत ठरवण्याची सोय मात्र दोन्हींत नाही.

कियास: कारण शोधण्याची शिस्त

कुरआनात किंवा हदीसमध्ये थेट उत्तर नसेल तर काय करायचं? मग प्रयत्न करायचा, त्याला इज्तिहाद म्हणतात. न्याय देणाऱ्याने इज्तिहाद केला आणि निर्णय बरोबर आला तर दोन पुण्यं, चुकला तरी एक, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. प्रामाणिक चुकीलाही पुण्य देणारा हा नियम मला या सगळ्या विचाराचा कणा वाटतो. त्याला अट आहे: प्रयत्न करणाऱ्याकडे त्या विषयाचं ज्ञान हवं.

इज्तिहादचं सर्वांत वापरातलं साधन म्हणजे कियास. त्याचे चार भाग. असल, म्हणजे ज्याचा हुकूम आधीच माहीत आहे ती मूळ गोष्ट. फरा, म्हणजे नवी गोष्ट. हुक्म, म्हणजे मूळ गोष्टीवरचा निर्णय. आणि इल्लत, म्हणजे तो निर्णय ज्या कारणाने झाला ते कारण. इल्लत नव्या गोष्टीत सापडली तरच हुकूम तिला लागू.

दारू मना आहे. का? लाल आहे म्हणून? द्राक्षांची आहे म्हणून? आंबवलेली आहे म्हणून? व्हिनेगरही द्राक्षांचं आणि आंबवलेलं, पण ते चालतं. म्हणजे उरली नशा. आता अफू, गांजा, झोपेच्या गोळ्यांचा नशेसाठी वापर, सगळ्यांची उत्तरं निघतात. एकेक लक्षण घ्यायचं, तपासायचं आणि बाद करायचं, या पायरीला फकीह ‘सब्र व तक्सीम’ म्हणतात. खरी कल्पकता लागते ती याच पायरीवर, कारण डोळ्यांना पहिल्यांदा दिसतं ते लक्षण बहुतेक वेळा इल्लत नसतं.

१५११ साली मक्केत याची परीक्षा झाली. कॉफी नवी होती आणि लोक रात्री जमून ती पीत. इजिप्तच्या ममलुक सुलतानांचा अधिकारी खैर बेग याने फकीह गोळा केले, वैद्यांची साक्ष काढली आणि कॉफीवर बंदी घातली. दारूच्या मैफलीसारखं दृश्य दिसत होतं: वाटी फिरते आहे, मंडळी रात्री बसली आहेत. पण वाटी फिरणं ही इल्लत नाही. कॉफीने बुद्धी झाकली जात नाही, उलट जाग येते. बंदी टिकली नाही, आणि पुढे कॉफीची दुकानं इस्तंबूलपर्यंत पोचली.

इल्लतीवर आणखी एक अट आहे, आणि तिच्यामागचा विचार फार कमी जणांना माहीत असतो. इल्लत उघड दिसणारी आणि माणसागणिक न बदलणारी हवी. प्रवासात चार रकातींच्या फर्ज, म्हणजे सक्तीच्या, नमाजीच्या दोन होतात, ही सवलत. हेतू उघड आहे, प्रवासात त्रास होतो. मग इल्लत ‘त्रास’ का नाही? कारण त्रास मोजता येत नाही. ज्याला त्याला आपला त्रास मोठा वाटतो. म्हणून इल्लत ठरली ‘प्रवास’, आणि प्रवासाला अंतर. भारतातल्या हनफी (सुन्नी धर्मशास्त्राच्या एका पंथाच्या) उलेमांत, म्हणजे धर्मपंडितांत, ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर हे माप प्रचलित आहे. काही जण ९२ किलोमीटर धरतात. त्यामुळे पुण्याहून लोणावळ्याला गेलेल्याला सवलत नाही, साताऱ्याला गेलेल्याला आहे. एसी गाडीत झोपून मुंबईला जाणाऱ्याला दोन रकाती. मार्केट यार्डात दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाला चारच.

हे अन्यायाचं वाटतं, आणि फकिहांनाही तसं वाटू शकतं हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दोन शब्द वेगळे ठेवले: हेतू म्हणजे हिकमत आणि मोजता येणारी खूण म्हणजे इल्लत. नियम खुणेवर चालवायचा, आणि हेतूवर नजर ठेवून खूण बरोबर निवडली आहे ना हे तपासत राहायचं. हमालाच्या कष्टासाठी वेगळ्या सवलती शोधायच्या. प्रवासाची सवलत ताणायची नाही.

कियास कधी कधी अतिरेकालाही जातो. हनफी पंथाने त्यावर इस्तिहसान नावाचा उतारा काढला: सरळ कियासने निघणारं उत्तर लोकांची खरी गरज अडवत असेल, तर अधिक वजनदार कारणासाठी ते सोडायचं. जे जवळ नाही ते विकू नका, अशी हदीस आहे. सरळ कियास लावला तर मापाने चप्पल करून घेणंही बंद, कारण चप्पल अजून अस्तित्वातच नाही. पण लोक पूर्वापार मोच्याकडे माप देऊन पादत्राणं करून घेत आले होते आणि कोणी हरकत घेतली नव्हती. म्हणून हनफींनी ‘इस्तिस्ना’ हा करार मान्य केला. आज बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचा करार इस्लामी वित्तव्यवहारात याच दाराने आत येतो. अटी मात्र कडक: वस्तूचा प्रकार, मापं, साहित्य आणि किंमत करारातच ठरलेली हवीत. ‘उत्तम दर्जाच्या फरशा’ असं लिहिलेलं चालणार नाही, कारण त्यातून वाद निघतो; या संदिग्धतेला ‘गरर’ म्हणतात. शाफिई हा दुसरा सुन्नी पंथ इथे वेगळा: त्यात असा सौदा ‘सलम’ म्हणून होतो आणि पूर्ण रक्कम करारावेळीच द्यावी लागते. पुण्यातले कोकणी मुसलमान बहुतेक शाफिई आणि दख्खनी बहुतेक हनफी, त्यामुळे एकाच इमारतीत दोन शेजाऱ्यांना एकाच प्रश्नावर वेगळी उत्तरं मिळू शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

पुण्याबाबत आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. हमीद दलवाईंनी १९७० साली याच शहरात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांचा मार्ग इज्तिहादचा नव्हता. धर्मग्रंथाचा नवा अर्थ लावत बसण्यापेक्षा समान नागरी कायदा आणि धर्मनिरपेक्ष हक्क यांवर त्यांचा भर होता. त्या मार्गाची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. या लेखात चौकटीच्या आतून विचार कसा होतो एवढंच पाहतो आहोत, आणि ते कळल्याशिवाय दलवाईंचा वाद कशाशी होता हेही धड कळत नाही.

फर्जातून निघालेलं गणित

वारसाहक्काचे हिस्से कुरआनातच अपूर्णांकांत दिले आहेत. त्यामुळे एक अडचण लगेच उभी राहते. एक माणूस वारला. मागे पत्नी, दोन मुली, आई आणि वडील. दफन, कर्ज आणि एक तृतीयांशापर्यंतची वसियत (मृत्युपत्र) वजा जाऊन २७ लाख रुपये उरले. पत्नीला १/८, मुलींना मिळून २/३, आईला १/६, वडिलांना १/६. छेद २४ केला तर ३ + १६ + ४ + ४ = २७. चोवीस हिश्श्यांच्या मालमत्तेतून सत्तावीस हिस्से द्यायचे. रुपयांत बघा: ३,३७,५०० + १८,००,००० + ४,५०,००० + ४,५०,०००, म्हणजे ३०,३७,५००. साडेतीन लाखांच्या आसपास तूट.

कोणाचाही हिस्सा माणसाने ठरवलेला नाही, त्यामुळे एकाचा काढून दुसऱ्याला द्यायचा अधिकार कोणाला नाही. तोडगा निघाला तो असा: छेदच २७ करायचा. तूट सर्वांवर सारख्या प्रमाणात पडते. पत्नीला ३ लाख, आईला ४, वडिलांना ४, प्रत्येक मुलीला ८ लाख. चौथे खलिफा हजरत अली यांना मिंबरवर, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावर, असतानाच हा प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी तिथल्या तिथे ‘तिचा आठवा हिस्सा नववा झाला’ असं उत्तर दिलं, असं परंपरा सांगते. या पद्धतीला औल म्हणतात. ती सर्वांनी मानली नाही. पैगंबरांचे चुलत भाऊ इब्न अब्बास यांचा विरोध होता, आणि शिया फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, तूट मुलींच्या वाट्यावर पडते: पत्नी आणि आईवडील आपला पूर्ण हिस्सा घेतात, मुलींना मिळून १४,६२,५०० उरतात. दोन्ही बाजू कुरआनातल्या त्याच आयतींवर (वचनांवर) उभ्या आहेत.

नवव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मींनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला, त्याचा बराच मोठा भाग वसियत आणि वारसाच्या उदाहरणांनी भरलेला आहे. बीजगणित केवळ वारसाहक्कातून जन्मलं असं म्हणणं खोटं ठरेल. व्यापार होता, जमीनमोजणी होती, ग्रीक आणि भारतीय गणित हाताशी होतं. पण एका फर्जाने, म्हणजे सक्तीच्या धर्मकर्तव्याने, गणितज्ञांपुढे अवघड उदाहरणांचा अखंड पुरवठा ठेवला, हे खरं.

किब्ला, म्हणजे नमाजीत जिकडे तोंड करायचं ती मक्केतल्या काब्याची दिशा, तिची गोष्टही तशीच. पुण्याहून काबा साडेतीन हजार किलोमीटरांहून थोडा जास्त. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर दिशा पश्चिमेच्या जेमतेम ५ अंश उत्तरेला येते. पृथ्वी गोल धरून, सर्वांत जवळच्या मार्गाने काढली तर सुमारे ११ अंश, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने २८१. हा फरक काढण्यासाठी गोलीय त्रिकोणमिती लागते, आणि ती पुढे नेण्यात अल-बिरूनींसारख्या गणितज्ञांचा मोठा वाटा आहे. धर्मशास्त्राची सक्ती मात्र एवढी कडक नव्हती. दूर राहणाऱ्याने त्या बाजूला तोंड केलं की पुरे; हनफी मतात ४५ अंशांपर्यंत ढळलं तरी नमाज होते. सवलत असूनही ११ अंश शोधून काढले गेले.

कोंढव्यात नवीन घरात जागा आखायची असेल तर मोबाइलचं होकायंत्र स्लॅबमधल्या सळ्या, लोखंडी कपाट आणि कव्हरमधलं चुंबक यांमुळे सहज फसतं. दहा-वीस अंशांची चूक कळतही नाही. पुण्यात चुंबकी उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक किरकोळ आहे, त्यामुळे दोष बहुतेक वेळा भोवतालच्या लोखंडाचा. यावर जुना उपाय आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काब्याच्या डोक्यावर येतो: २७-२८ मे रोजी, आपल्याकडे दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी, आणि १५-१६ जुलै रोजी २ वाजून ५७ मिनिटांनी. त्या क्षणी गच्चीवर ओळंबा टांगा. एक मीटर उंचीची सावली साधारण ६३ सेंटीमीटर पडेल. सावलीच्या टोकाकडून ओळंब्याच्या बुडाकडे खडूने रेघ ओढा, तोच किब्ला. जुलैत पुण्यात ढग असतात, म्हणून मे गाठावा. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी मोठा फरक पडत नाही.

पळवाट कधी वाट असते?

कल्पकतेची सर्वांत अवघड परीक्षा ‘हिल्या’वर होते. हिला म्हणजे नियमाचे शब्द पाळून हवं ते साधण्याची युक्ती.

कुरआनात समुद्रकाठच्या एका गावाची गोष्ट आहे (सूरह आराफ, १६३). शनिवारी मासेमारी बंद, आणि नेमके शनिवारीच मासे पृष्ठभागावर येत. भाष्यकार सांगतात, लोकांनी आधीच जाळी आणि चर तयार ठेवले, मासे शनिवारी अडकले, लोकांनी ते रविवारी उचलले. शनिवारी कोणी मासा पकडला नाही. तरी हा अपराध ठरला.

आता दुसरी गोष्ट, बुखारीतली. खैबरचा एक कारभारी उत्तम खजूर घेऊन आला. साधे दोन माप देऊन हे एक माप घेतो, म्हणाला. पैगंबरसाहेबांनी हे मना केलं, कारण एकाच जातीच्या वस्तूची कमी-जास्त अदलाबदल व्याजात मोडते. मग त्यांनीच वाट दाखवली: साधे खजूर पैशाने विका, आणि त्या पैशाने चांगले घ्या.

दोन्हीकडे शेवटी हवं ते मिळालं. मग एक अपराध आणि दुसरं मार्गदर्शन का? हेतू बघा. शनिवारच्या बंदीचा हेतू होता हात थांबवणं, आणि युक्तीने नेमका तोच मोडला. खजुराच्या बंदीचा हेतू होता अंदाजपंचे सौद्यात कोणी नाडलं जाऊ नये. मध्ये पैसा आला की दोन्ही मालांचे भाव बाजारात उघड होतात, आणि ज्याला साधे विकले त्याच्याकडूनच चांगले घ्यायचं बंधन राहत नाही. इथे वळसा घेतल्याने हेतू पुरा होतो.

जकातीतली प्रसिद्ध पळवाट या मापाने तपासा. वर्ष भरायला महिना असताना सोनं पत्नीच्या नावे बक्षीस करायचं, पुढच्या वर्षी तिने परत करायचं; दोघांचंही वर्ष कधी पूर्ण होत नाही. कागद निर्दोष, आणि गरिबाचा अडीच टक्के हक्क गायब. काही जुन्या फकिहांनी असा व्यवहार कायद्याने वैध धरला तरी नीतीच्या बाजूने त्याची तरफदारी करणं कठीण आहे, आणि इब्न कय्यिम (मृ. १३५०) यांनी अशा हिल्यांवर कडाडून टीका केली आहे. जाता जाता: जकातीची मर्यादा साडेसात तोळे सोनं ही जुन्या तोळ्याची, ११.६६४ ग्रॅमच्या. म्हणजे ८७.४८ ग्रॅम. लक्ष्मी रोडवरचा आजचा तोळा १० ग्रॅमचा आहे. साडेसात तोळे म्हणजे ७५ ग्रॅम धरणारे पुष्कळ जण भेटतात, आणि तो हिशेब चुकीचा आहे.

हेतू ओळखायचे कसे? गझाली (मृ. ११११) यांनी पाच मूळ हेतू मांडले, त्यांना मकासिद म्हणतात: धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता यांचं रक्षण. शातिबींनी ही मांडणी आणखी पक्की केली. अवयव प्रत्यारोपणासारखे प्रश्न यांवरच तोलले गेले; जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८८ साली प्रत्यारोपणाला अटींसह परवानगी दिली, तर भारत-पाकिस्तानातले काही उलेमा आजही विरोधात आहेत. मकासिदचा धोका असा की हेतूचं नाव घेऊन काहीही सिद्ध करता येतं. म्हणून हेतूने स्पष्ट हुकूम रद्द होत नाही. मोकळ्या मैदानात कुठे जावं हे तो दाखवतो.

भिशीवर चालवून पाहू

बारा जणी, दरमहा ५,००० रुपये, दर महिन्याला चिठ्ठी उचलून एकीला ६०,०००. हे जायज आहे का?

पहिला प्रश्न, खातं कोणतं? मुआमलात. म्हणजे मूळ स्थिती मोकळी, मनाई शोधायची. दोन संशयित आहेत, जुगार आणि व्याज.

चिठ्ठी उचलणं जुगारासारखं दिसतं. पण जुगाराची इल्लत काय? एकाचं नुकसान हाच दुसऱ्याचा फायदा, आणि तोही नशिबावर. इथे प्रत्येकीने ६०,००० भरले आणि प्रत्येकीला ६०,००० मिळाले. चिठ्ठीने ठरतो तो फक्त क्रम. प्रवासाला कोणती पत्नी बरोबर येणार हे पैगंबरसाहेब चिठ्ठी टाकून ठरवत, ही हदीसही क्रमासाठी चिठ्ठीला आधार देते. जुगार बाद.

व्याज? पहिल्या महिन्यात ज्या बाईला मिळाले तिने बाकीच्यांकडून बिनव्याजी उसने घेतले, ती पुढे तेवढेच परत करते. व्याजही नाही. काही फकिहांनी ‘मी तुला कर्ज देते, तू मला दे’ या अटीवर आक्षेप घेतला आहे, पण सौदी अरेबियाच्या वरिष्ठ उलेमा मंडळानेही बहुमताने अशी भिशी मान्य केली.

आता लिलावाची भिशी घ्या. एकीला पैशाची घाई आहे, ती ५२,००० वर तयार होते. उरलेले ८,००० बाकी अकरा जणींत प्रत्येकी सुमारे ७२७ असे वाटले जातात. त्या बाईने भरायचे मात्र पूर्ण हप्ते. घाई असलेल्या व्यक्तीने मुदतीसाठी मोजलेली ही किंमत आहे, आणि ज्यांनी वाट पाहिली त्यांना पैशावर पैसा मिळाला. नाव भिशीच, माणसं तीच, पण व्याजाची इल्लत पूर्ण हजर.

गडबड होते ती पुढच्या ठिकाणी. उशिरा हप्ता देणारीकडून दंड घेऊन तो गटात वाटला तर तेही व्याज होतं; दंड ठेवायचाच असेल तर तो परस्पर दानात जावा, इस्लामी वित्तसंस्थाही हाच मार्ग वापरतात. कोणी मध्येच बाहेर पडली तर मिळालेल्या रकमेतून तिने भरलेली रक्कम वजा करून बाकी तिच्यावर कर्ज राहतं, आणि ती वारली तर वारसांआधी ते फेडलं जातं, म्हणून नोंदवही हवी. आणि गोळा करणारीने मधल्या काळात ती रक्कम स्वतःच्या धंद्यात वापरायची नाही, कारण ती तिच्याकडे अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, आहे.

चित्रकलेचं काय?

पुण्यातल्या कला महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुस्लिम मुलामुलींना हा प्रश्न पडतोच. सजीवांच्या चित्रांविरुद्ध कडक हदीसी आहेत. उपजीविकाच चित्रकलेवर असलेल्या एका माणसाला इब्न अब्बास यांनी झाडं आणि निर्जीव वस्तू काढायला सांगितलं, हेही बुखारीत आहे. दुसऱ्या बाजूला दख्खनी आणि मुघल दरबारांत माणसांची चित्रं भरपूर झाली. छायाचित्र, ॲनिमेशन यांवर आज मतं विभागलेली आहेत: काहींच्या मते इल्लत पूजेची भीती, काहींच्या मते निर्मितीची नक्कल. पहिली धरली तर शरीरशास्त्राच्या पुस्तकातलं चित्र सहज सुटतं, दुसरी धरली तर अडचण होते.

बंदीमुळे कलेची धार अक्षराकडे वळली, याची उदाहरणं मात्र वादातीत आहेत. इब्न मुक्ला (मृ. ९४०) यांनी अक्षरांना माप दिलं: बोरूच्या टोकाने पडणारा चौकोनी ठिपका, नुक्ता, हे एकक. अलिफ या उभ्या अक्षराची उंची नुक्त्यांत मोजायची, आणि तेवढ्या व्यासाच्या वर्तुळात बाकीची अक्षरं बसवायची. नस्ख या लेखनशैलीत अलिफ साधारण पाच नुक्त्यांची, सुलुस या शैलीत सात. बोरूचं टोक झिजलं की नुक्ता रुंदावतो आणि सगळं अक्षर बेढब होतं, म्हणून शिकणारा आधी बोरू कापायला शिकतो. विजापूरला इब्राहिम रोजा या मकबऱ्याच्या खिडक्यांत दगडी जाळीच अक्षरांची आहे. प्रकाश आयतींमधून आत येतो.

मुफ्तींना काय विचारायचं

मुफ्ती म्हणजे धर्मशास्त्रावर मत देणारे पंडित, आणि ते मत म्हणजे फतवा. फतवा विचारलेल्या प्रश्नालाच उत्तर देतो. प्रश्न अर्धवट असेल तर उत्तर चुकत नाही, पण ते तुमच्या कामाचं राहत नाही. ‘भिशी जायज आहे का’ असं विचारलं तर ‘हो’ येऊ शकतं, आणि तुमची भिशी लिलावाची असू शकते. म्हणून प्रश्न लिहून द्यावा. त्यात सभासद किती, हप्ता किती, क्रम कसा ठरतो, कोणाला भरल्यापेक्षा कमी किंवा जास्त मिळतं का, उशीर झाला तर काय, मध्ये सोडलं तर काय, आणि लेखी करार असेल तर त्याची प्रत. आपण हनफी की शाफिई तेही लिहावं. नव्या धंद्याचा किंवा ॲपचा प्रश्न असेल तर पैसा कोणाकडून कोणाकडे, कोणत्या टप्प्यावर जातो आणि तोटा झाला तर तो कोणाच्या अंगावर पडतो, हे आकड्यांसह मांडावं. मुफ्तींना त्या तंत्राची माहिती नसेल तर जाणकाराला बरोबर न्यावं. मक्केच्या सभेत वैद्यांना बोलावलं होतं ते याचसाठी. उत्तर मिळाल्यावर इल्लत कोणती धरली हे अवश्य विचारावं. पुढच्या वर्षी भिशीचा हप्ता ५,००० चा ८,००० झाला तर पुन्हा विचारायची गरज नाही, पण चिठ्ठीच्या जागी बोली आली तर आहे, हे त्या एका शब्दावरून तुम्हाला स्वतःलाच कळेल.